रत्नांसाठी फिरता स्टँड : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

दागिने आणि सुटे खडे दाखवण्यासाठी फिरता स्टँड बनवायला घेतला आहे. तयार मिळणारे स्टँड पाहिले की त्यांचा सगळा विचार मोटरपाशी सुरू होऊन तबकडीपाशी संपलेला दिसतो. वर पुतळा ठेवा, बूट ठेवा नाहीतर हिरा ठेवा, तबकडी आपली त्याच वेगाने गोल फिरत राहते. मला हे उलट्या टोकाकडून करायचं आहे. आधी खडा, मग उजेड, मग बघणाऱ्याचा डोळा, आणि मोटर सगळ्यात शेवटी.

जगातल्या दोन प्रसिद्ध मांडण्या सारख्या डोळ्यांपुढे येतात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात होप हिरा जाड बुलेटप्रूफ काचेच्या आत फिरत्या आसनावर ठेवला आहे. ४५.५२ कॅरेटचा हा गडद निळा हिरा हॅरी विन्स्टन यांनी १९५८ मध्ये संग्रहालयाला दिला. टॉवर ऑफ लंडनमध्ये १९९४ पासून नेमकी उलट मांडणी आहे: मुकुट जागच्या जागी, आणि लोक सरकत्या पट्ट्यावर उभे राहून त्यांच्यासमोरून पुढे जातात. दोन्हीकडे साधलं आहे ते एकच. खडा, दिवा आणि डोळा या तिघांतलं एक तरी हलत राहिलं की रत्न जिवंत दिसतं. तिन्ही थांबले तर उत्तम पैलू पाडलेला खडासुद्धा काही ठिकाणी पांढरा आणि काही ठिकाणी काळा असा निपचित दिसतो.

गरजा: तबकडी २२० मि.मी. व्यासाची, वजन अर्ध्या किलोपर्यंत पेलणारी. वेग मिनिटाला अर्ध्या फेऱ्यापासून तीन फेऱ्यांपर्यंत. शांत खोलीतही आवाज ऐकू येता कामा नये. फोटोसाठी ठरलेल्या अंशांवर अचूक थांबता यायला हवं. सुट्या खड्यासाठी वेगळं, छोटं डोकं. दागिने घडवणारी मैत्रीण चाचणीसाठी आपलं काम देणार आहे, तेव्हा दागिन्याला ओरखडा, डाग किंवा ऊब यांतलं काहीही लागू नये ही अट सगळ्यांच्या वर.

८ जानेवारी

वेग किती ठेवायचा हे अंदाजाने ठरवायचं नाही, म्हणून आज नुसता हिशोब केला.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचं माप, २.४१७, त्यामुळे क्रांतिक कोन अवघा २४.४ अंश. वरून आत शिरलेला किरण खालच्या पैलूवर याहून तिरका पडला की त्याला बाहेर जायला वाट मिळत नाही. तो आतल्या आत परततो आणि पुन्हा वरूनच बाहेर येतो. माणिक आणि नीलम या दोघांचा अपवर्तनांक १.७६ ते १.७७, क्रांतिक कोन ३४ अंशांच्या वर. स्फटिक किंवा जांभळा कटेला घेतला तर अपवर्तनांक १.५५ च्या आसपास आणि क्रांतिक कोन ४० अंश. जितका हा कोन मोठा, तितका उजेड तळातून निसटण्याची शक्यता जास्त. म्हणून प्रत्येक जातीच्या खड्याचे पैलू वेगळ्या कोनात पाडावे लागतात. हिऱ्याच्या गोल घाटासाठी मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गणिताने कोन काढले: वरचे मुख्य पैलू ३४.५ अंश, खालचे ४०.७५ अंश. मी हेच आकडे धरले.

तबकडी मिनिटाला दोन फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला १२ अंश. ३४.५ अंशांत कललेल्या पैलूचा लंब तेवढ्या वेळात साधारण ७ अंश वळतो, आणि त्यावरून परतलेला किरण दुप्पट, म्हणजे १४ अंशांच्या आसपास. ५ मि.मी.चा उघडा एलईडी ४०० मि.मी. अंतरावरून ०.७ अंशाएवढा दिसतो. डोळ्याच्या बाहुलीची रुंदी त्यात मिळवली तरी तो किरण डोळ्यावरून सरकून जायला सेकंदाचा एक दशांश भागही लागत नाही. खडा लखकन चमकला असं आपण म्हणतो तो हा क्षण.

आता त्याच जागी ३०० मि.मी. रुंदीचा दुधी पडदा लावून मागून उजेड दिला, तर तो ४१ अंशांएवढा पसरतो. पैलू जवळजवळ तीन सेकंद उजळलेला राहतो. चमक गेली, उरला पांढुरकेपणा. खडा तोच, मोटर तीच, वेगही तोच.

उलट बाजूला वेग मिनिटाला सहा फेऱ्यांवर नेला तर एकेक झळक सेकंदाच्या तीस-पस्तिसाव्या भागात संपते. डोळ्याला ती झळक म्हणून कळतच नाही, नुसती फडफड जाणवते. पैलूदार खड्यासाठी मिनिटाला एक ते दोन फेरे हे उत्तर कागदावर तरी पक्कं झालं. आतल्या परावर्तनांचा हिशोब याहून किचकट आहे, पण दिशा हीच राहते.

१३ जानेवारी

हिशोबातून निघालेला दुसरा प्रश्न मला वेगापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. अक्ष कुठल्या दिशेला असावा?

सपाट तबकडीवर सुटा हिरा तोंड वर करून ठेवला आणि समोरून पाहिला, तर दिसते ती फक्त त्याची कड. खड्याचं सगळं सौंदर्य छताकडे बघत बसतं. म्हणून तो समोर कलता ठेवावा, तर अर्ध्या फेऱ्यात तो पाठ दाखवतो. यातून सुटायचं तर फिरणारा अक्षच बघणाऱ्याकडे कलवावा लागतो. छोट्या डोक्याचा अक्ष उभ्या रेषेपासून ४० अंश पुढे झुकवला. खडा आता स्वतःभोवती फिरतो आणि तोंड कायम समोर राहतं. गोल घाटाचा नमुना दर ४५ अंशांनी पुन्हा येतो. मिनिटाला दोन फेऱ्यांना ते पावणेचार सेकंदांत एकदा होतं. डोळ्याला एक लय सापडते आणि तरीही कुठली झळक कुठून येईल हे आधी सांगता येत नाही.

या मांडणीत वरचा मोठा सपाट पैलू अक्षाला काटकोनात येतो, म्हणजे फिरताना त्याची दिशा बदलतच नाही. दिव्याचं प्रतिबिंब त्यात पडून डोळ्याकडे आलं तर ते कायमचंच येणार आणि आतलं सगळं झाकून टाकणार. त्यामुळे दिव्याची जागा ठरवताना पहिलं काम हे: त्या पैलूचं प्रतिबिंब कुठे जातं ते कागदाच्या कपट्यावर पकडायचं आणि तिथे कुणाचा डोळा येणार नाही याची खात्री करायची.

१७ जानेवारी

मोटर.

ताकदीची चिंता इथे नाहीच. ५ मि.मी. जाडीची अॅल्युमिनियमची तबकडी अर्ध्या किलोची, आणि ती दोन सेकंदांत मिनिटाला दोन फेऱ्यांच्या वेगावर आणायला लागणारा पीळ इतका थोडा आहे की खेळण्यातली मोटरही तो देईल. हवी आहे ती सलगता.

मायक्रोवेव्हच्या तबकडीखाली असते तशी सिंक्रोनस मोटर साधी, टिकाऊ आणि शांत असते, वेगही विजेच्या वारंवारतेला बांधलेला. पण तो वेग बदलता येत नाही, आणि चालू केल्यावर ती डावीकडे फिरेल की उजवीकडे हे तिच्या मनावर. गिअर लावलेली डीसी मोटर इतक्या कमी वेगाला गचके देते. २८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर मोटर (ठरलेल्या बारीक पावलांनी फिरणारी) सगळीकडे मिळते, ५ व्होल्टवर चालते, यूएलएन२००३ चिपवर सहज फिरते. तिच्या गिअरचं प्रमाण ६४ ला १ असं लिहिलेलं असतं. दात मोजून गुणाकार केला तर ६३.६८ येतं. अर्ध्या पावलांच्या हिशोबात एका फेऱ्याला ४०९६ नव्हे, सुमारे ४०७६ पावलं. ४०९६ धरून चाललं तर प्रत्येक फेऱ्याला दागिना पावणेदोन अंशांहून थोडा पुढे सरकतो. नुसतं फिरवायचं असेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. फोटोसाठी मात्र दहा फेऱ्यांत अठरा अंशांचा फरक चालणारा नाही. शिवाय गिअरच्या दातांमधली ढिलाई थांबताना डुलकी देते.

छोट्या कलत्या डोक्यासाठी हीच मोटर घेतली, कारण तिथे थांबायचं नाही. मोठ्या तबकडीसाठी नेमा १७ आकाराची, २०० पावलांची स्टेपर मोटर आणि पट्टा. मोटरवर २० दातांची पुली, तबकडीवर १२० दातांची. सहाला एक. एका फेऱ्याला १२०० पूर्ण पावलं, सोळा भागांत तोडली की १९,२०० सूक्ष्म पावलं. दात एकमेकांवर घासत नाहीत, पट्टा थोडी थरथर पिऊन टाकतो.

१८ जानेवारी

ए४९८८ ड्रायव्हरवर (मोटरला पावलं टाकायला लावणारं सर्किट) मोटर गुणगुणते. टीएमसी२२०९ लावला, सगळं गप्प झालं. कानाजवळ नेली तरी ऐकू येत नाही. हा खर्च वाचवू नये.

थांबलेल्या अवस्थेत मोटर धरून ठेवण्यासाठी जाणारा प्रवाह एक चतुर्थांशावर आणला. बंद पेटीत मोटरची ऊब वर चढते आणि वर काय ठेवलेलं असेल ते सांगता येत नाही.

२४ जानेवारी

बेअरिंग. बाजारातल्या बहुतेक तबकड्यांखाली पत्र्याच्या दोन चकत्यांमध्ये गोळ्या भरलेलं सपाट बेअरिंग असतं. जेवणाच्या टेबलावर ते ठीक. इथे कड वरखाली होताना दिसते. अक्ष एका अंशाने जरी कलला तरी ११० मि.मी. त्रिज्येवरची कड एका फेऱ्यात जवळजवळ दोन मि.मी. वर आणि तेवढीच खाली जाते. आपली नजर आडव्या रेषेच्या बाबतीत फार कडक असते. दागिन्यावर ठरायच्या ऐवजी ती त्या डुगडुगीवर जाऊन बसते.

म्हणून ८ मि.मी.चा दांडा आणि त्यावर ६०८ क्रमांकाची दोन बेअरिंग, एकमेकांपासून ५० मि.मी. अंतरावर. मध्ये लाटेरी स्प्रिंग वॉशर घालून दोन्ही बेअरिंगवर थोडा दाब दिला, म्हणजे उरलीसुरली ढिलाई एका बाजूला बसते. दांड्याला जाड, चिकट ग्रीसचा पातळ हात दिला. फिरवायला थोडी जड झाली आणि तेच हवं होतं. बोटाने ढकलून सोडली तर तबकडी सावकाश, न थरथरता थांबते. डायल गेज कडेला टेकवून फिरवून पाहिलं, काटा ०.२ मि.मी.च्या आत राहतो. खाली तीन पायांचे स्क्रू. चार पायांपैकी एक नेहमी हवेत राहतो, तीन कधीच डगमगत नाहीत.

३१ जानेवारी

मैत्रीण लांब डूल घेऊन आली. तबकडीवर ठेवलेल्या आडव्या दांडीला ते अडकवले, बटण दाबलं, आणि डूल हलायला लागले. तबकडी एकसारखी फिरत होती तरी ते थांबेनात. ती म्हणाली, "अगं, तुझी तबकडी शांत आहे, माझे डूल नाहीत. माणूस झोका बघेल की खडा?" तिचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि बरं झालं ती डूलच घेऊन आली.

पहिला संशय येतो तो केंद्रापसारक बलाचा. तो लगेच निकालात काढता येतो. मिनिटाला तीन फेरे आणि १०० मि.मी. त्रिज्या धरली तरी ते बल गुरुत्वाच्या हजारावा भाग आहे. डूल त्याने दिसेल एवढा बाहेर झुकूच शकत नाही. कारण आहे सुरुवातीचा हिसका. ९० मि.मी. त्रिज्येवरचा हूक मिनिटाला दोन फेऱ्यांना सेकंदाला १९ मि.मी. वेगाने सरकतो. तो वेग एका क्षणात आला तर ४० मि.मी. लांबीचा डूल दोन्हीकडे जवळजवळ पावणेदोन अंश झुलू लागतो. टोकाला एक मि.मी.हून थोडं जास्त. आकडा लहान, पण खाली खडा असतो आणि तो प्रत्येक झोक्याला चमकतो, त्यामुळे झोका मोठा भासतो. हवेचा आणि हुकाचा अडथळा इतका कमी की तो विझायला खूप वेळ घेतो.

उपाय लंबकातच आहे. ४० मि.मी. लंबकाचा दोलनकाळ ०.४ सेकंद. वेग एकसारखा वाढवत नेला आणि ती वाढ बरोबर एका दोलनकाळात पूर्ण केली, तर डूल एकदा मागे जातो, परत येतो, आणि तो मूळ जागी आलेला असतो त्याच क्षणी वाढ थांबते. मग झुलायला काही उरतच नाही. दोन, तीन, चार दोलनकाळ घेतले तरी तेच. एका लांबीच्या डुलांसाठी हे इतकं सुंदर चालतं की आम्ही दोघी तबकडी पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघत बसलो. तबकडी निघते, डूल किंचित मागे रेलतो आणि हूक पूर्ण वेगाला येताना सरळ होऊन गप्प उभा राहतो.

वेगवेगळ्या लांबीचे दागिने एकत्र असले तर एकच काळ सगळ्यांना लागू पडत नाही: २५ मि.मी.ला ०.३२ सेकंद, ७० मि.मी.ला ०.५३. तेव्हा वाढीचा काळ सरळ दोन सेकंद ठेवला. त्यात झोका उरला तरी अंशाच्या दहाव्या भागाइतका उरतो. थांबतानाही तेवढाच वेळ. यासाठी नवा भाग लागत नाही, प्रोग्रॅममध्ये चार ओळी लागतात. झुलणाऱ्या दागिन्यासाठी फिरता स्टँड घेणाऱ्या कुणालाही मी सांगेन की तो चालू होताना आणि थांबताना पाहा, फिरताना नंतर.

६ फेब्रुवारी

दिव्यांवर बराच वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. फिरणं म्हणजे खड्याला दिव्यासमोरून नेणं. दिवा चुकीचा असेल तर मोटरचे सगळे कष्ट वाया.

दोन तऱ्हेचा उजेड लागतो. एक टोकदार: लहान, उघडे एलईडी, एकमेकांपासून दूर, पैलूदार खड्यांसाठी. दुसरा पसरट: दुधी पडद्यामागून येणारा, धातू आणि मोत्यांसाठी. टोकदार उजेडात सोन्याचा गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखा वागतो, त्यावर एक पांढरा ठिपका आणि बाकी अंधार. मोती तर या उजेडात दुखावल्यासारखा दिसतो. त्याची झळाळी अॅरागोनाइटच्या पातळ थरांमधून परतणाऱ्या मऊ प्रकाशाची आहे, आणि ती खिडकीतून येणाऱ्या उजेडासारख्या रुंद प्रकाशातच खुलते. दोन्ही तऱ्हा वेगळ्या कळांवर ठेवल्या, प्रत्येकाची तीव्रता वेगळी करता येते. मोत्यांच्या लडीबरोबर पैलूदार खडा असेल तर पसरट उजेड मंद ठेवून त्यावर दोनच टोकदार दिवे पुरतात.

रंगाचं तापमान: पिवळ्या सोन्याला ३००० केल्विन शोभतं, पांढऱ्या धातूला आणि रंगहीन हिऱ्याला ५००० ते ६५००. दोन्ही एकत्र असतील तर ४००० वर तडजोड. एलईडीच्या डब्यावरच्या सीआरआय आकड्यावर (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचं माप) मात्र पूर्ण विसंबता येत नाही. तो आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल, म्हणजे आर९, त्यात धरलेलाच नसतो. सीआरआय चांगला आणि आर९ कमी अशा दिव्याखाली माणिक विटकरी दिसतं. दोन पट्ट्या शेजारी ठेवून एकच माणिक दोन्हींखाली धरलं, तेव्हा मैत्रिणीला ते दोन वेगळे खडे वाटले.

काही खडे याहून हट्टी. तारा दाखवणाऱ्या नीलमात रुटाइलच्या बारीक सुया तीन दिशांना रचलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे सहा किरणांचा तारा उमटतो. त्याला एकच दिवा हवा, वरून. दुसरा लावला की दुसरा तारा उमटून दोन्ही फिके पडतात. अलेक्झांड्राइटला दोन दिवे हवेत पण एकाच वेळी नाही: एक ६५०० चा, त्यात तो हिरवट, आणि एक २७०० चा, त्यात लालसर. एक मावळताना दुसरा उजळेल असा सावकाश बदल ठेवला आणि त्या वेळेपुरती तबकडी थांबवली. रंग बदलताना खडा फिरत असेल तर बघणाऱ्याला वाटतं की बाजू बदलली म्हणून रंग बदलला.

११ फेब्रुवारी

पूर्ण फेरा प्रत्येक दागिन्याला हवाच असतो का? नाही, असं आता ठामपणे वाटतं.

पेंडंट, कुड्या, अंगठीचं तोंड यांना समोरची बाजू आहे. पूर्ण फेऱ्यात निम्मा वेळ त्यांची पाठ दिसते. पाठीचं काम पाहण्यासारखं असेल तर दाखवावं, नाहीतर तो वेळ रिकामा जातो. म्हणून मागे-पुढे डोलणारी चाल घातली: ४० अंश डावीकडे, ४० अंश उजवीकडे, टोकांजवळ वेग हळूहळू कमी होत शून्यावर येतो आणि तसाच वाढतो. टोकाला हिसका नाही, त्यामुळे लटकते खडेही शांत राहतात.

ही चाल लसण्यासाठी (कॅट्स आय) तर वरदान निघाली. लसण्यातली प्रकाशरेघ आतल्या तंतूंना काटकोनात उमटते. रेघ उभी राहील असा खडा बसवला आणि २० अंश इकडे-तिकडे डोलवला की ती रेघ घुमटावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकते, जणू खडा आपल्याकडे नजर वळवून बघतो आहे. रेघ आडवी ठेवली तर हेच डोलवणं फुकट जातं. लॅब्राडोराइटचंही तसंच, त्याची निळी झळ थोड्याच कोनांत दिसते, ते कोन शोधून त्यांच्या आसपासच डोलवायचं.

ओपल याच्या उलट. त्याच्या आत सिलिकाचे १५० ते ३०० नॅनोमीटरचे गोळे रांगांत रचलेले असतात आणि कोन बदलला की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. तिथे मिनिटाला अर्धा फेरा. एक हिरवा ठिपका केशरी होताना डोळ्याला त्याच्यामागे जाता यावं एवढा वेळ द्यायला हवा. आयोलाइट तर पूर्ण फेऱ्यासाठीच घडलेला खडा: एका बाजूने निळा-जांभळा, चौथाई फेऱ्यानंतर पाण्यासारखा फिका पिवळसर. स्थिर ठेवलेल्या आयोलाइटचा निम्मा खडा कुणाला दिसलेलाच नसतो.

१५ फेब्रुवारी

आत काय वापरायचं याची नोंद. मोटर-दिव्यांइतकी आकर्षक नाही, पण दागिना महिनोन् महिने बंद काचेत राहणार असेल तर सगळ्यात जपण्यासारखी गोष्ट हीच.

चांदी काळी पडते ती हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकाच्या वायूंनी. गंधक लावून घट्ट केलेलं रबर, लोकरीचं फेल्ट, काही रंग हे ते सोडत राहतात. एमडीएफ आणि ओकसारखी लाकडं आम्लं सोडतात, ती मोत्यांच्या कॅल्शियम कार्बोनेटला बाधतात. संग्रहालयांत पेटीत जाणारं प्रत्येक साहित्य ऑडी चाचणीतून काढतात: चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्या त्या साहित्याबरोबर बंद नळीत, भरपूर ओलाव्यात, ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायच्या आणि गंज चढतो का बघायचं. ब्रिटिश म्युझियममधले अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये ती मांडली.

यावरून रचना बदलली. पट्टा, मोटर, तारा सगळं खालच्या कप्प्यात. वर जातो तो फक्त स्टीलचा दांडा, आणि त्याच्या भोकाभोवती सिलिकॉनची चकती. पट्टाही निओप्रिनऐवजी पॉलीयुरेथेनचा, आत स्टीलच्या तारा असलेला. तबकडीवर काळं मखमल लावायचा मोह होता. धूळ ओढून घेतं आणि टोकदार उजेडात प्रत्येक तंतू दिसतो. त्याऐवजी अॅल्युमिनियमला बारीक दाण्याने मॅट करून काळं अॅनोडायझिंग. आरसा नको वाटला. प्रतिबिंबात खड्याचा तळ आणि कोंदणाचा मागचा भाग दिसत राहतो, डोळा दोन ठिकाणी वाटला जातो.

ऊब: ओपलमध्ये पाणी असतं, कोरड्या उष्णतेने त्याला बारीक तडे जाऊ शकतात. पाचूच्या भेगांमध्ये बहुतेक वेळा तेल भरलेलं असतं, ते तापलं की बाहेर येतं किंवा सुकतं. म्हणून हॅलोजन अजिबात नाही. एलईडीसुद्धा काचेच्या बाहेर, स्वतःच्या अॅल्युमिनियम पट्टीवर. कुंझाइट प्रकाशातच फिका पडतो, काही जांभळे कटेलेही. त्यांना प्रदर्शनात ठेवायचं तर माणूस समोर आल्यावरच दिवा लागेल असा सेन्सर हवा.

१६ फेब्रुवारी

सुटा खडा धरायला चार पातळ स्प्रिंगच्या नखांची पकड. नखांच्या टोकांवर मऊ नायलॉन. मेणाची गोळी सोपी पडते, पण पिरोजा आणि ओपल सच्छिद्र. मेण आत मुरून डाग राहतो. त्या दोघांसाठी नखंच.

२३ फेब्रुवारी

फोटो. चारही बाजूंनी फिरवून दाखवण्यासाठी किती चौकटी घ्यायच्या? सर्रास ३६ सांगतात, दर दहा अंशांना एक. माझ्या तबकडीला १२०० पूर्ण पावलं. ३६ ने भागलं तर ३३.३३. मोटर दोन पूर्ण पावलांच्या मधल्या कुठल्यातरी सूक्ष्म पावलावर थांबते, आणि तिथे ती तेवढी काटेकोर नसते. ४८ ने भागलं तर बरोबर २५. प्रत्येक थांबा पूर्ण पावलावर, साडेसात अंशांवर. २४ ला ५०, ६० ला २०. ४८ ठेवलं.

इथे एक गमतीशीर अडचण समोर आली. समोर उभं राहून मनमोहक वाटणारे टोकदार दिवे फोटोंच्या मालिकेत वाईट दिसतात. साडेसात अंशांच्या एका पावलात पैलूवरचा किरण साडेआठ अंश सरकतो आणि दिवा जेमतेम ०.७ अंशाचा. म्हणजे बहुतेक झळका दोन चौकटींच्या मध्येच होऊन जातात. ज्या सापडतात त्या एका चौकटीत पांढऱ्याशुभ्र, पुढच्या चौकटीत नाहीशा. मालिका चालवली की खडा फडफडतो. यावरून दिव्याचा आकार निघाला. किरण एका पावलात जितका सरकतो, निदान तितका रुंद दिवा हवा. ४०० मि.मी. अंतरावर साडेआठ अंश म्हणजे साधारण ६० मि.मी. तेवढ्या दुधी चकत्या एलईडीसमोर लावल्या आणि त्यांच्यामध्ये काळे पुठ्ठे उभे केले, म्हणजे पैलूंमध्ये काळोखही पडतो. आता एक झळक एका चौकटीतून दुसरीत हात दिल्यासारखी जाते.

डूल असेल तर तो दांडीच्या टोकाला न लावता बरोबर अक्षावर टांगायचा. मग हूक जागचा सरकतच नाही, नुसता वळतो, आणि प्रत्येक थांब्यानंतर झोका विझण्याची वाट बघावी लागत नाही. एलईडी मंद करताना भराभर चालू-बंद करणारी पद्धत टाळून प्रवाहच कमी केला. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण कॅमेऱ्यात पहिल्या पद्धतीचे आडवे पट्टे येतात.

१ मार्च

स्टँड मैत्रिणीकडे गेला. चाली अशा ठेवल्या आहेत: पैलूदार सुटे खडे कलत्या डोक्यावर, मिनिटाला दोन फेरे, न थांबता. ओपल अर्धा फेरा. पेंडंट आणि अंगठ्या ४० अंशांत डोलणाऱ्या. लसण्या २० अंशांत. लांब डूल मिनिटाला एक फेरा, चढायला-उतरायला दोन सेकंद. मोत्यांच्या लडीला एक फेरा आणि दर चौथाईला चार सेकंदांचा थांबा. एकेक मोती डौलाने समोर यावा आणि लडीतला रंगाचा मेळ जुळलेला आहे की नाही हे बघायला माणसाला उसंत मिळावी, म्हणून तो.

राहिलेली कामं: काचेच्या झाकणाच्या कडेला सिलिकॉनची पट्टी बसवायची आहे. अलेक्झांड्राइटच्या दोन दिव्यांचा अदलाबदलीचा वेळ आठ सेकंद आहे, तो थोडा वाढवून बघायचा. जड कंगन मधोमध न ठेवता कडेला ठेवलं तर पट्ट्याचा ताण पुन्हा तपासायला लागेल. मैत्रिणीने आज एक जुना, कडा झिजलेला नीलम डोक्यावर चढवला. पैलूंच्या कडा बोथट झाल्यामुळे झळका कमी आहेत, पण निळा रंग मात्र खोल. अशा खड्याला मिनिटाला दोन फेरे घाईचे वाटतात. त्याच्यासाठी पाऊण फेऱ्याची वेगळी चाल उद्या भरते.